अपुऱ्या दिवसांच्या बाळांतील दूध-सहनशीलता

अपुऱ्या दिवसांच्या बाळांतील दूध-सहनशीलता : 32 आठवड्यांच्या आत किंवा 1,500 ग्रॅमपेक्षा कमी वजनाने जन्मलेल्या बाळाला नळीवाटे दिलेले दूध पोटात टिकणे, पुढे सरकणे आणि अंगी लागणे. पोट फुगणे, उलटी होणे, जठरात दूध साचून राहणे आणि त्यापायी ठरलेले दूध कमी करावे किंवा बंद ठेवावे लागणे, याला दूध न सोसणे म्हणतात. या दुसऱ्या शब्दाची सर्वांना मान्य अशी एक व्याख्या नाही, आणि एनआयसीयूमधला, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातला, बराचसा गोंधळ तिथूनच सुरू होतो. एकाच बाळाचे दूध सकाळच्या पाळीत वाढते आणि रात्रीच्या पाळीत बंद होते.

गर्भाशयात बाळ गर्भजल गिळत असते, त्यामुळे आतड्याला काम नवे नसते. नवे असते ते दूध. 28 आठवड्यांच्या बाळाची आतडी हलतात, पण त्या हालचालींना दिशा नसते. जठरापासून खाली सरकत जाणाऱ्या सुसंगत लाटा 32 ते 34 आठवड्यांच्या सुमारास दिसू लागतात. चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे यांचा मेळही साधारण त्याच काळात बसतो. अन्ननलिका आणि जठर यांच्यामधली झडप सैल असते, जठर हळू रिकामे होते आणि दुधातली साखर फोडणारे लॅक्टेज पूर्ण दिवसांच्या बाळाच्या मानाने बरेच कमी असते. यावरून पूर्वी ‘आतडे पिकेपर्यंत उपाशी ठेवा’ असा निष्कर्ष काढला जाई. तो उलटा ठरला. आतड्याला पिकवते ते दूधच. काही दिवस दूध मिळाले नाही तर आतड्याचे अस्तर पातळ होते, पचनाची संप्रेरके स्रवत नाहीत आणि बाळ शिरेतून दिल्या जाणाऱ्या पोषणावर अडकून पडते. शिरेतली नळी जितके दिवस राहील तितका जंतुसंसर्गाचा धोका, आणि यकृतात पित्त साठण्याचाही.

दूध कोणते, यावर पुढचे बरेच ठरते. पहिला मान आईच्या ताज्या दुधाचा. बाळंतपणानंतर शक्यतो पहिल्या काही तासांतच हाताने पिळून चीक काढायला सुरुवात करतात आणि पुढे दिवसातून किमान आठ वेळा, त्यात रात्रीही, दूध काढतात. पहिल्या दिवशी काही थेंबच निघतात. ते 1 मिलीच्या सिरिंजमध्ये थेट ओढून घ्यावेत. वाटीत काढले तर निम्मे वाटीलाच चिकटतात. हाच चीक दर 2 ते 4 तासांनी प्रत्येक गालाच्या आत 0.1 मिली लावता येतो, बाळ व्हेंटिलेटरवर असले तरी. आईचे दूध पुरत नसेल तर दुग्धपेढीतले दूध घेतात. भारतातली पहिली दुग्धपेढी 1989 मध्ये मुंबईत शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने सुरू झाली. पेढीत दूध 62.5 अंश सेल्सिअसला 30 मिनिटे तापवतात. त्यात जंतू मरतात, पण चरबी पचवणारे लायपेज नष्ट होते आणि काही संरक्षक प्रथिनेही जातात. म्हणून हे दूध आईच्या दुधाला पर्याय म्हणून दुसऱ्या क्रमांकाचेच. तिसऱ्या क्रमांकावर पावडरचे दूध. त्यावर वजन लवकर वाढते, परंतु पेढीच्या दुधाच्या तुलनेत आतड्याच्या ऊतकक्षयी दाहाचा, म्हणजे एनईसीचा, धोका जवळपास दुप्पट असतो.

सुरुवात पहिल्या 24 तासांत, दिवसाला दर किलोमागे 10 ते 20 मिली. 900 ग्रॅमच्या बाळाला 20 मिलीच्या हिशेबाने दिवसाचे 18 मिली होतात. दर दोन तासांनी द्यायचे तर एका वेळी 1.5 मिली. वाढ रोज किलोमागे 30 मिलीपर्यंत करता येते, म्हणजे याच बाळाला दर वेळी सुमारे सव्वादोन मिली जास्त. अशाने किलोमागे 150 मिली, म्हणजे एका वेळी साधारण 11 मिली, हा पूर्ण दुधाचा टप्पा सहाव्या दिवशी येतो. रोज किलोमागे 18 मिलीने वाढवले तर नवव्या. जलद वाढवल्यास एनईसी होईल ही भीती जुनी आहे. ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये 2,804 बाळांवर झालेल्या आणि 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘सिफ्ट’ चाचणीत 18 आणि 30 मिली या दोन गतींमध्ये एनईसीचे किंवा उशिरा होणाऱ्या जंतुसंसर्गाचे प्रमाण लक्षणीय वेगळे आढळले नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 च्या शिफारशीही 30 मिलीपर्यंतच्या वाढीला मान्यता देतात. गर्भातच वाढ खुंटलेल्या आणि डॉपलर तपासणीत नाळेचा रक्तप्रवाह बिघडलेला आढळलेल्या बाळांत मात्र हात थोडा आखडता घेतात. तरीही ‘अ‍ॅडेप्ट’ चाचणीत अशा बाळांना सहाव्या दिवसाऐवजी दुसऱ्याच दिवशी दूध सुरू केल्याने एनईसी वाढला नाही आणि पूर्ण दूध लवकर गाठता आले.

नळी 5 किंवा 6 फ्रेंच (नळीच्या जाडीचे एकक) मापाची असते. तिची लांबी नाकापासून कानाच्या पाळीपर्यंत आणि तिथून छातीचे हाड संपते ती जागा व बेंबी यांच्या मध्यापर्यंत मोजतात. नळी आखूड पडली तर दूध अन्ननलिकेत सांडते, बाळाचा श्वास अडखळतो आणि दोष ‘न पचण्या’वर जातो. सिरिंजचा दट्ट्या काढून दूध आपल्या वजनाने 15 ते 20 मिनिटांत उतरू द्यावे. दाबून ढकलू नये. काही बाळांना तेच दूध पंपाने तासाभरात दिले तर चांगले सोसते. पंप लावताना एक बारीक गोष्ट हमखास सुटते. साय वर तरंगते आणि नळीच्या आतल्या बाजूला चिकटते. सिरिंजचे टोक खाली ठेवले की सगळ्यात जास्त उष्मांकाचा भाग सिरिंजमध्येच राहून शेवटी फेकला जातो. टोक वर आणि नळी शक्य तितकी आखूड ठेवली की हे टळते. दूध दिल्यावर बाळ उजव्या कुशीवर किंवा, मॉनिटर लावलेला असताना, पालथे असेल तर जठर लवकर रिकामे होते.

आता जठरात उरलेल्या दुधाविषयी. प्रत्येक वेळी दूध देण्याआधी नळीतून ओढून किती उरले ते पाहायचे आणि जास्त दिसले की पुढचे दूध बंद, ही पद्धत पिढ्यान्‌पिढ्या चालली. पण ओढून किती येईल हे बाळाच्या पचनापेक्षा नळीचे टोक कुठे आहे, सिरिंज केवढी आहे आणि बाळ कोणत्या कुशीवर आहे यावर अधिक ठरते. शिवाय जोरात ओढल्याने जठराच्या अस्तराला इजा होते, आणि ओढलेले फेकून दिले की त्याबरोबर आम्ल आणि पाचकरस जातात. म्हणून पोट मऊ असेल, बाळ टवटवीत असेल आणि शी होत असेल तर उरलेले दूध नेमाने मोजण्याची गरज नाही. पहिल्या काही दिवसांत नळीत आलेली फिकट पिवळसर-हिरवी छटाही एकटीने काही सांगत नाही. जठराच्या खालच्या तोंडातून पित्त सहज वर येते.

दूध खरोखर थांबवायचे ते कशाने? गडद हिरवी उलटी, नळीतून किंवा शीतून रक्त, ताणलेले व हात लावताच दुखणारे पोट, पोटाच्या कातडीचा बदललेला रंग, आणि यांच्या जोडीला वाढलेले श्वास थांबण्याचे प्रसंग किंवा मरगळ. अशा वेळी पोटाचा एक्स-रे, रक्ततपासणी आणि शल्यचिकित्सकाचे मत यांना उशीर करू नये. पोटाचा घेर 2 सेंमीने वाढला एवढ्यावर मात्र निर्णय घेऊ नये. टेप बोटभर वरखाली सरकला तरी आकडा बदलतो. सीपॅपवरच्या, म्हणजे नाकावाटे सतत दाबाने हवा देणाऱ्या यंत्रावरच्या, बाळाचे पोट हवेने फुगते, आतड्यांचे वळसे कातडीखाली दिसतात, पण पोट मऊ असते. तिथे उपाय सोपा: नळी दोन दुधांच्या मध्ये उघडी ठेवायची. थांबवलेले दूध 24 तासांत पुन्हा तपासून शक्य तेव्हा सुरू करावे, आणि ‘एनपीओ’ (पोटात काहीही न देण्याची सूचना) लिहिताना कारणही लिहावे. कारण लिहायला घेतले की निम्मे एनपीओ गळून पडतात.

किलोमागे 80 ते 100 मिली दूध सोसू लागले की त्यात फॉर्टिफायर, म्हणजे दुधात मिसळायची पोषक भुकटी, घालतात, कारण नुसत्या आईच्या दुधातली प्रथिने, कॅल्शियम आणि फॉस्फरस एवढ्या लहान बाळाला पुरत नाहीत. इथे चूक होते ती मापाची. पाकीट 25 मिलीसाठी असेल आणि ते 11 मिली दुधात घातले, तर मिश्रण दुपटीहून तीव्र होते. आधी 25 मिली दूध मोजून त्यात पाकीट विरघळवावे आणि मग वाटून घ्यावे. मिसळलेले दूध फार वेळ ठेवू नये. दुधातले अमायलेज फॉर्टिफायरमधली पिष्टे फोडत राहते आणि तीव्रता आणखी चढते. लोह, कॅल्शियम आणि जीवनसत्त्वांचे थेंब एकाच दुधात ओतण्याचा मोहही टाळावा. ते वेगवेगळ्या वेळच्या दुधात विभागून द्यावेत.

औषधांनी फारसे साधत नाही. नेमाने ग्लिसरीनची बत्ती दिल्याने पूर्ण दूध लवकर गाठता येते असे सिद्ध झालेले नाही, आणि आम्ल कमी करणारी औषधे संसर्ग व एनईसीचा धोका वाढवतात. मॉर्फिनने आतडी मंदावतात. जंतुसंसर्ग सिद्ध नसताना पाच दिवसांपलीकडे रेटलेली प्रतिजैविके आतड्यातले उपयुक्त जंतू मारतात. प्रोबायोटिकांचा फायदा अनेक चाचण्यांत दिसला असला तरी उत्पादनाची शुद्धता आणि त्याच जंतूंचा रक्तात शिरकाव या शंकांमुळे सगळीकडे एकवाक्यता नाही. यांपेक्षा कांगारू मातृसेवा स्वस्त आणि भरवशाची: बाळ छातीशी असताना आईचे दूध वाढते, आणि नळीने दूध चालू असतानाही बाळ तसेच ठेवता येते.

32 ते 34 आठवड्यांच्या सुमारास बाळ दूध गिळू लागले की बोंडल्याने किंवा वाटी-चमच्याने सुरुवात करून हळूहळू अंगावर पाजतात. बोंडल्याचे तोंड ओठांच्या कोपऱ्यात टेकवून दूध जिभेवर थेंबाथेंबाने सोडायचे आणि बाळाने गिळल्यावरच पुढचा घोट द्यायचा. धाप लागली, रंग बदलला किंवा अर्ध्यावरच थकवा आला तर उरलेले नळीने द्यावे. घरी गेल्यावर आजीच्या हातून घुटी, मध किंवा ग्राइप वॉटर सुरू होण्याची शक्यता असते. यातले काहीही देऊ नये, हे सुट्टी देताना आईबरोबर आजीलाही सांगावे लागते.