विद्युत रोध आणि शक्ती यांचे गणन

एखाद्या उपकरणावरचे व्होल्टेज आणि त्यातून वाहणारा करंट ही दोन मापे हाती असली की भागाकाराने रोध आणि गुणाकाराने शक्ती काढता येते. व्होल्टला अँपिअरने भागले की ओहम, गुणले की वॅट. यातले पहिले नाते जर्मन शास्त्रज्ञ गेओर्ग ओहम यांनी १८२७ मध्ये प्रसिद्ध केले. तारेत निर्माण होणारी उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे इंग्लंडच्या जेम्स जूल यांनी १८४० च्या सुमारास दाखवले. दोन्ही नाती जोडली की शक्ती आणखी दोन प्रकारे मिळते: करंटचा वर्ग गुणिले रोध, किंवा व्होल्टेजचा वर्ग भागिले रोध.

गिझर, इस्त्री, शेगडी अशा निव्वळ तापणाऱ्या उपकरणांना हा हिशोब चपखल बसतो. २३० व्होल्टवर २,००० वॅटचा गिझर सुमारे ८.७ अँपिअर घेतो, म्हणजे त्याच्या कॉइलचा रोध साडेसव्वीस ओहमच्या आसपास. व्होल्टेज २०० वर उतरले तरी रोध जवळपास तेवढाच राहतो, शक्ती मात्र १,५०० वॅटवर येते. पाणी तापायला वेळ लागतो, गिझरला काही होत नाही. पिवळ्या बल्बचे गणित जरा वेगळे आहे. १०० वॅटचा बल्ब पेटलेला असताना रोध ५२९ ओहम निघतो, पण तोच बल्ब थंड असताना मल्टिमीटरला (रोध, व्होल्टेज मोजणाऱ्या छोट्या मीटरला) लावला तर त्याच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी दाखवतो. तापल्यावर टंगस्टनचा रोध वाढतो. असले बल्ब बहुतेक वेळा बटण दाबताक्षणीच का उडत, याचे उत्तर या फरकात आहे.

सोलापुरात विजेचे खरे काम मोटारी करतात. शहराच्या पूर्व भागात चादरी आणि टॉवेलचे यंत्रमाग, जिल्हाभर विहिरी आणि बोअरवरचे पंप. इथे वरचा भागाकार चक्क फसवतो. समजा, एक हॉर्सपॉवरची सिंगल फेज मोटार २३० व्होल्टवर ७ अँपिअर घेते आहे. भागाकार ३३ ओहम सांगतो. तेवढा रोध खरोखर वाइंडिंगचा, म्हणजे मोटारीतल्या तांब्याच्या तारेच्या गुंडाळीचा असता, तर घेतलेली सगळी वीज, म्हणजे १,६१० वॅट, तिच्या तांब्यातच उष्णता होऊन गेली असती आणि मोटार काही मिनिटांत जळाली असती. मल्टिमीटरने मोजलेला वाइंडिंगचा रोध थोडेच ओहम भरतो. उरलेला अडथळा फिरत्या चुंबकीय क्षेत्राचा असतो, त्याला रोध म्हणत नाहीत. गुणाकारालाही अशीच कात्री लागते. १,६१० हे व्होल्ट-अँपिअर झाले. यातला प्रत्यक्ष कामी येणारा वाटा म्हणजे पॉवर फॅक्टर. तो ०.७ धरला तर प्रत्यक्ष शक्ती ११२७ वॅट, आणि मोटारीची कार्यक्षमता ६५ टक्के मानली तर शाफ्टवर साधारण ७३० वॅट पोहोचतात. एक हॉर्सपॉवर म्हणजे ७४६ वॅट, तेव्हा मोटार ठीक चालली आहे.

थ्री फेजला यात आणखी १.७३२ ने गुणावे लागते. माग चालवणाऱ्या मोटारीची नुसत्या एका फेजचा करंट क्लॅम्प मीटरने (वायरीभोवती चिमट्यासारख्या अडकवायच्या मीटरने) मोजून त्याला थ्री फेजच्या ४१५ व्होल्टने गुणले तर वॅट चुकीचेच येणार. क्लॅम्पमध्ये एकच वायर घ्यायची, हेही इथेच सांगितलेले बरे. फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकत्र पकडले तर काटा शून्यावर बसतो आणि लोडच नाही असे वाटते.

व्होल्टेज डाऊन झाल्यावर मोटार गिझरच्या नेमकी उलट वागते. पंपावर पाण्याचे ओझे तेवढेच असते, त्यामुळे व्होल्टेज पडले की ती जास्त अँपिअर ओढते. ४१५ चे ३४० झाले तर करंट सुमारे २२ टक्के वाढतो आणि वाइंडिंगमधली उष्णता जवळपास दीडपट होते. डीपीपासून (ट्रान्सफॉर्मरपासून) लांबच्या विहिरीवर यात केबलचीही भर पडते. चार चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल ३०० मीटर टाकली, तर जाऊन-येऊन ६०० मीटरचा रोध २.६ ओहम. वरच्या सिंगल फेज मोटारीच्या सात अँपिअरला १८ व्होल्ट वाटेतच जातात आणि सव्वाशे वॅट केबल तापवण्यात खर्च होतात. पातळ केबल घेऊन वाचवलेले पैसे पुढे रिवाइंडिंगच्या दुकानात द्यावे लागतात.

बहुतेक मोटारींची क्षमता सभोवतालचे तापमान ४० अंश सेल्सिअस धरून ठरवलेली असते. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा त्याच्या वर चढतो आणि पत्र्याच्या शेडमध्ये हवा त्याहून तापलेली असते. मोटार आतून किती तापली हे रोधावरूनच कळते. तांब्याचे वाइंडिंग ३० अंशांवरून ९० अंशांवर गेले तर त्याचा रोध २३ टक्क्यांनी वाढतो. मोटार थंड असताना एकदा आणि बंद केल्याबरोबर लगेच दुसऱ्यांदा मोजले की आतले सरासरी तापमान काढता येते. यासाठी डीसी व्होल्टेज लावून करंट मोजतात. रोध फार कमी असला तर व्होल्टमीटरची टोके थेट वाइंडिंगच्या टर्मिनलवर टेकवावीत, नाहीतर जोडवायरींचा रोधही मापात मिसळतो.

करंटच्या वर्गाची हीच धास्ती मोठ्या वाहिन्यांमध्येही दिसते. दक्षिणेचे ग्रिड उर्वरित देशाशी जोडणारी ७६५ किलोव्होल्टची रायचूर-सोलापूर वाहिनी ३१ डिसेंबर २०१३ रोजी सुरू झाली. पॉवर फॅक्टर एक मानला, तर १,००० मेगावॅट नेताना या व्होल्टेजला दर फेजमध्ये सुमारे ७५५ अँपिअर वाहतात. ४०० किलोव्होल्टला तेच १,४४३ झाले असते, आणि तारांचा रोध सारखा ठेवला तर वाटेतली गळती साडेतीन पटींहून जास्त.