चप्पल, ब्रोमाइड आणि चौकटीची वही

माझ्या धाकट्या भावाला पहिली मोठी फिट आली ती द्राक्षबागेत, ऑक्टोबर छाटणी चालू असताना. हातातली कात्री गळून पडली, मान एका बाजूला वळली, अंग ताठ झालं आणि मग झटके सुरू झाले. आम्ही नुसते बघत राहिलो. काकू मात्र दोन ओळी ओलांडून धावत आली, पायातली चप्पल काढली आणि त्याच्या नाकाशी धरली. कुणीतरी कांदा फोडून आणायला घरात पळालं. कांदा येईपर्यंत झटके थांबले होते. श्रेय चपलेला गेलं, आणि तासगाव तालुक्यातल्या आमच्या वस्तीवर ते अजून चपलेकडेच आहे.

काकूचं चुकलं ते एवढंच, की तिनं घड्याळ बघितलं नाही. बहुतेक फिट दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबते. तेवढ्या वेळात चप्पल हुंगवा, किल्ल्या मुठीत द्या, अंगारा लावा, जे कराल त्यानंच गुण आला असं वाटतं. फिट आलेल्याला कुशीवर वळवायचं, डोक्याखाली काहीतरी मऊ सरकवायचं, तोंडात काही घालायचं नाही आणि वेळ मोजायची. पाच मिनिटांच्या पुढे गेली तर दवाखाना. हे आम्हाला कळायला दोन वर्षं गेली. अपस्माराचा, म्हणजे या फिट येण्याच्या रोगाचा, इतिहास वाचताना माझ्या मनात सारखं तेच येत होतं. त्या दोन-तीन मिनिटांत हजारो वर्षं लोक काही ना काही करत आले. नीट बघून लिहून ठेवणारे फार थोडे निघाले.

अपस्मार हा शब्द चरकसंहितेतला. स्मृती निघून जाणं, असा त्याचा अर्थ. वात, पित्त, कफ आणि तिन्ही मिळून असे चार प्रकार तिथं सांगितलेत, आणि उन्मादाचा, म्हणजे वेडाचा, अध्याय वेगळा ठेवलाय. हे वेगळं ठेवणं मला मोठं वाटतं, कारण आमच्याकडे आजही 'डोक्याचं दुखणं' म्हणून दोन्ही एकाच पोत्यात भरतात. ग्रीसमध्ये इसवी सनापूर्वी ४०० च्या आसपास हिपोक्रॅटिसच्या परंपरेतल्या एका वैद्यानं लिहिलं, की लोक ज्याला 'पवित्र रोग' म्हणतात तो इतर रोगांहून काही जास्त पवित्र नाही, तो मेंदूतून येतो. इतक्या जुन्या काळी हे लिहून झालेलं असताना आमच्या गल्लीत फेफऱ्याला 'बाहेरचं' म्हणायची पद्धत टिकली, ती टिकलीच.

त्या 'बाहेरच्या'शी भांडणारा माणूस शेजारच्या साताऱ्याचा आणि शिकलेला आमच्या मिरजेत. नरेंद्र दाभोलकरांनी मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातून एमबीबीएस केलं, साताऱ्यात काही वर्षं दवाखाना चालवला आणि १९८९ मध्ये महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती उभी केली. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांचा खून झाला. काही दिवसांतच वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात जादूटोणाविरोधी कायदा झाला. त्याची अनुसूची एकदा वाचून बघा. भूत उतरवण्याच्या नावाखाली दोरीनं किंवा साखळीनं बांधणं, मारहाण, मिरचीची धुरी, चपला भिजवलेलं पाणी पाजणं हे सगळं तिथं गुन्हा म्हणून नोंदलंय. कुत्रा, साप, विंचू चावल्यावर औषधोपचार घेऊ न देता गंडेदोरे करणंही आहे. फेफऱ्याचं नाव मात्र नाही. नाकाशी धरलेली चप्पल कायद्यात बसत नाही, आणि बसावी असं मलाही वाटत नाही. काकूला तुरुंगात बघायची इच्छा नाही.

मिरजेला दवाखान्यांचं गाव म्हणतात, ते १८९४ मध्ये विल्यम वॉनलेस या मिशनरी डॉक्टरनं तिथं रुग्णालय काढल्यापासून. त्या वेळी अपस्मारावर जगभरात काम करणारं औषध एकच होतं, पोटॅशियम ब्रोमाइड. त्याची गोष्ट गमतीची आहे. १८५७ मध्ये व्हिक्टोरिया राणीचे प्रसूतीतज्ज्ञ चार्ल्स लोकॉक यांनी लंडनमधल्या डॉक्टरांच्या एका सभेत सांगितलं, की पाळीच्या वेळी फिट येणाऱ्या बायकांना आपण ब्रोमाइड दिलं आणि त्यांच्या फिट थांबल्या. कामवासना कमी झाली म्हणून फिट कमी झाल्या, असा त्यांचा समज. कारण साफ चुकीचं, औषध बरोबर. अंगावर पुरळ यायचं, माणूस सुस्त व्हायचा, तरी लोक ते घेत राहिले, कारण दुसरं काही नव्हतं. १८७३ मध्ये इंग्रज डॉक्टर ह्युलिंग्ज जॅक्सन यांनी फिट म्हणजे मेंदूच्या करड्या भागातून अचानक, अति आणि जलद होणारं विसर्जन (डिस्चार्ज), अशी व्याख्या केली. विजेचा आलेख काढणारं यंत्र तेव्हा नव्हतं. ते हान्स बर्जरनं १९२४ मध्ये माणसावर पहिल्यांदा वापरलं. आज ज्याला ईईजी म्हणतो, डोक्याला तेल न लावता या असं सांगतात, तेच.

दुसरं औषधही असंच आडवाटेनं आलं. १९१२ मध्ये जर्मनीत आल्फ्रेड हाउप्टमान हा तरुण डॉक्टर अपस्माराच्या रुग्णांच्या वॉर्डाच्या वरच राहायचा. रात्रीच्या फिटच्या आवाजानं झोप होत नाही म्हणून त्यानं रुग्णांना नवीन झोपेचं औषध दिलं, असं सांगतात. रात्र शांत गेली, ते समजण्यासारखं; पण दिवसाच्या फिटही कमी झाल्या, हे त्याच्या लक्षात आलं कारण तो मोजत होता. ते औषध फिनोबार्बिटल. आमच्या मेडिकलवाल्याच्या भाषेत गार्डिनल. आजही जगातल्या सगळ्यात स्वस्त औषधांपैकी ते एक आहे. हाउप्टमान ज्यू होता. नाझींच्या काळात त्याला देश सोडावा लागला.

१९३८ ला मात्र गोष्ट बदलली. अमेरिकेत मेरिट आणि पुटनम यांनी मांजरांना विजेनं फिट आणून एकेक रसायन तपासत फेनिटॉइन शोधलं. मुद्दाम शोधायला निघून सापडलेलं हे पहिलं औषध. भाऊ सुरुवातीला यावरच होता. फिट कमी झाल्या, हिरड्या सुजून दातांवर चढल्या. व्हॅल्प्रोएट पुन्हा अपघातानंच सापडलं: १९६० च्या दशकात ग्रेनोबलमध्ये काही रसायनं ज्यात विरघळवून तपासत होते ते द्रावकच गुणकारी निघालं. पुढं तेच औषध गरोदरपणात बाळाला धोका करतं हे कळलं, आणि ते कळायला हजारो बायकांची नोंद ठेवावी लागली. आपल्या देशात तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा वैद्यकीय संस्थेनं १९९८ पासून अपस्मार असलेल्या गरोदर बायकांची अशी नोंदवही चालवलीय. इथं कारखाना-कंपनीचं फारसं श्रेय नाही. त्या बायका फोन उचलत राहिल्या, पत्रांना उत्तरं देत राहिल्या, त्यांचं आहे.

आपल्या भागात एका गोष्टीवर घरोघर भांडणं होतात, ती सांगायलाच हवी. भावाच्या सीटी स्कॅनमध्ये एक छोटा गोल ठिपका दिसला. डॉक्टर म्हणाले, फितीच्या जंताची गाठ असावी. अण्णा माळकरी. "आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही, डुकराचा जंत कुठला?" ते उठून बाहेर गेले. खरी गोष्ट अशी, की डुकराचं अर्धकच्चं मांस खाणाऱ्याच्या आतड्यात जंत वाढतो. पण त्याची अंडी शौचातून मातीत, पाण्यात, न धुतलेल्या कोथिंबिरीवर पोचतात, आणि ती पोटात गेली की मेंदूत गाठ होते. ती कुणालाही होते. १९३० च्या दशकात इंग्रज लष्करी डॉक्टरांना दिसलं, की भारतात नोकरी करून परतलेल्या सैनिकांना काही वर्षांनी फिट येऊ लागतात. १९६१ मध्ये अशा ४५० जणांचा अभ्यास छापून आला. आपल्याकडे सीटी स्कॅन आलं तेव्हा हाच ठिपका क्षयाची गाठ समजून कितीतरी लोकांना महिनोन्महिने टीबीची औषधं दिली गेली. १९९० च्या सुमारास वेल्लोरच्या डॉक्टर चांडी आणि राजशेखर यांनी काही गाठी काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या, तर बहुतेक जंताच्या निघाल्या. अनेक जणांचा ठिपका पुढे आपोआप विरतो. भावाचाही विरला. फिट राहिल्या.

किती घरांत असं असेल? मुंबईतल्या पारशी वस्त्यांत घरोघर जाऊन केलेल्या आणि १९८८ मध्ये छापलेल्या पाहणीत हजारी ४.७ हे प्रमाण आलं. सांगली जिल्ह्याची २०११ ची लोकसंख्या २८ लाखांवर. तोच आकडा इथं लावला तर तेरा हजारांच्या आसपास माणसं. हा नुसता अंदाज, पण आमच्या ओळखीत उघडपणे सांगणारी घरं मी एका हाताच्या बोटांवर मोजतो.

लपवायचं कारण लग्न. १९७६ च्या दुरुस्तीनं हिंदू विवाह कायद्यात अटच आली, की वारंवार वेडाचे किंवा अपस्माराचे झटके येणारी व्यक्ती लग्नाला पात्र नाही. १९९९ मध्ये अपस्मार हा शब्द काढला. तेवीस वर्षं वेड आणि फिट कायद्यात एकाच ओळीत होते. मग सोयरिकीच्या बैठकीत गोळ्यांची पाकिटं उतरंडीमागं गेली तर नवल काय. २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं सांगितलं, की अपस्मार हा असाध्य रोगही नाही आणि मानसिक विकारही नाही, तो घटस्फोटाचं कारण होऊ शकत नाही. गाडी चालवण्याच्या परवान्याच्या अर्जात मात्र फिट येते का हा प्रश्न आहेच, आणि तिथं खोटं लिहू नये हे माझं मत. भाऊ सायकलही चालवत नाही.

आता नव्या औषधांचं. २००० मध्ये ग्लासगोच्या डॉक्टर क्वान आणि ब्रॉडी यांनी ५२५ रुग्णांवरून दाखवलं, की जवळजवळ निम्म्यांच्या फिट पहिल्याच औषधानं थांबतात, दुसऱ्यानं आणखी थोड्यांच्या, आणि शेवटी एक तृतीयांश लोक उरतात. दोन योग्य औषधं घेऊनही फिट थांबत नसतील तर औषधांना न जुमानणारा अपस्मार म्हणायचं. नंतर डझनभर नवी औषधं आली. २०१८ मध्ये त्याच केंद्रानं १,७९५ जणांचा हिशेब काढला, तर फिट थांबलेले ६३.७ टक्के. म्हणजे आकडा हलला नाही. नव्या गोळ्यांनी त्रास कमी केला, हिरड्या सुजायच्या थांबल्या. उरलेला तिसरा हिस्सा तिथंच. भाऊ त्याच तिसऱ्या हिश्शातला.

त्या हिश्शासाठी शस्त्रक्रिया हा एक मार्ग. दिल्लीच्या एम्समध्ये ११६ मुलांचा अभ्यास झाला, तो २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. चिठ्ठी टाकल्यासारखी वाटणी. निम्म्यांची शस्त्रक्रिया लगेच, निम्मी वर्षभर रांगेत, औषधं चालू ठेवून. वर्षाअखेर शस्त्रक्रिया झालेल्यांत ७७ टक्के फिटमुक्त, रांगेतल्यांत ७ टक्के. मी हे वाचलं तेव्हा ७७ आकड्यापेक्षा त्या दुसऱ्या गटाच्या आईबापांवर थांबलो. वर्षभर पोराच्या फिट बघत, तारखा लिहीत त्यांनी काढलं. त्यांच्याशिवाय तो ७७ कशाशी ताडून बघायचा?

गेल्या वर्षी एका डॉक्टरांनी विचारलं, भावाच्या नोंदी एका अभ्यासासाठी द्याल का? औषध बदलायचं नव्हतं, फक्त माहिती. मराठीत छापलेला संमतीपत्राचा गठ्ठा दिला, नको असेल तेव्हा बाहेर पडता येईल हे त्यात लिहिलं होतं. अण्णा म्हणाले, "म्हणजे पोरगं उंदीर झालं." भारतात २००९ पासून औषधांच्या चाचण्यांची सरकारी नोंदणी सक्तीची आहे, नोंदणी क्रमांक विचारायचा आपल्याला हक्क आहे, हे मी त्यांना सांगत बसलो. भावानं मधेच पेन घेतलं आणि सही केली.

त्याची चौकटीची वही आहे. तारीख, वेळ, किती मिनिटं, आधी झोप झाली होती का, गोळी चुकली होती का. सिव्हिलसमोरच्या दुकानात तिची झेरॉक्स काढायला गेलो. दुकानदार पानं उलटत म्हणाला, "हजेरी कसली ही? गड्यांची?"

"फिटची," भाऊ म्हणाला.

चौसष्ट पानं झाली. एकशे अठ्ठावीस रुपये.