पांढरा नंबर गुलाबी का होतो?

मरून जर्सीच्या पाठीवरचा पांढराशुभ्र नंबर पंधरा दिवसांत गुलाबी पडला, की जळगाव-धुळ्याच्या मैदानावर निकाल लगेच लागतो: ‘रंगच कच्चा शे, भो!’ मग कुणी कापडवाल्याला बोलतं, कुणी धुण्याच्या पावडरीला, आणि सगळ्यात जास्त बोलणी खाते ती घरी जर्सी धुणारी आई. मला हे ऐकवत नाही, कारण यातल्या कित्येक जर्स्या पाण्यात गेलेल्याच नसतात. स्पर्धेच्या आदल्या दिवशी गठ्ठा सोडावा, प्लास्टिकच्या पिशवीतून कोरी जर्सी काढावी आणि नंबर गुलाबी निघावा, असंही होतं. जी भिजलीच नाही, तिचा रंग पाण्यात सुटेल कसा?

हा रंग उष्णतेने चालतो, म्हणजे कापडातून निघून नंबरात सरकतो. तो का चालतो हे सांगण्यासाठीच हा लेख आहे, पण आधी नंबर जर्सीवर बसतो कसा ते पाहू.

आपल्याकडे हॉकी, कबड्डी, व्हॉलीबॉल अशा बहुतेक संघांच्या जर्सीवर नंबर बसतो तो विनायल, म्हणजे प्लास्टिकचा पातळ ताव, कापून. संगणकावर आकडा काढायचा, तो आरशातल्यासारखा उलटा करायचा आणि प्लॉटर या कापणी यंत्राला द्यायचा. प्लॉटरचं बारीक पातं विनायलचा वरचा थर कापतं, खालचा पारदर्शक कागद कापत नाही. मग नको असलेलं विनायल हाताने सोलून काढायचं. इंग्रजी आठच्या पोटातले दोन तुकडे टोकदार हुकाने उचलावे लागतात, ते राहिले तर आठचा नुसता ठोकळा होतो. शेवटी हीट प्रेसमध्ये साधारण १५० ते १६० अंश सेल्सिअसला दहा-पंधरा सेकंद दाबलं, की विनायलच्या पाठीचा गोंद वितळून कापडाच्या विणीत शिरतो.

देवनागरीत नावं टाकणाऱ्यांना इथे एक सोय आहे आणि एक अडचण. शिरोरेषेमुळे अख्खं नाव एकाच तुकड्यात निघतं, त्यामुळे अक्षरं वाकडीतिकडी बसत नाहीत. पण संगणकाच्या फॉन्टमध्ये काना आणि वेलांटी मूळ अक्षरावर चढलेली असते. ते आकार आधी एकजीव केले नाहीत, तर पातं प्रत्येक जोडावर आडवं फिरतं आणि नावाचे तुकडे पडतात. कोरल ड्रॉ या चित्र काढण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये आकार ‘वेल्ड’ करायला विसरलेल्या कारागिराचं किती विनायल वाया जातं, हे त्यालाच विचारा.

स्क्रीन प्रिंटिंगही, म्हणजे चित्राच्या जाळीतून शाई दाबून छापणंही चालतं, पण हॉकीच्या संघात प्रत्येकाचा नंबर वेगळा असतो. एकच चित्र शंभर जर्सींवर छापायचं असेल तर स्क्रीन परवडते, अठरा वेगळ्या नंबरांना विनायलच सोपं पडतं.

उत्तर अमेरिकेतल्या बर्फावरच्या हॉकीची रीत याहून निराळी आहे. तिथे पारंपरिक नंबर शिवलेला असतो. पॉलिएस्टरच्या जाड ट्विल कापडातून आकडा कापतात, रंगीत किनार हवी असेल तर दोन-तीन थर एकावर एक ठेवतात आणि कडेने दाट झिगझॅग टाके घालतात. तिथल्या एनएचएल या व्यावसायिक लीगच्या नियमाप्रमाणे पाठीवरचा नंबर किमान १० इंच उंच लागतो. एवढा मोठा तुकडा धक्काबुक्कीत उसवू नये, म्हणून हे टाके.

नंबर कशासाठी असतो? पंचाला, गुणलेखकाला आणि प्रेक्षकाला खेळाडू ओळखता यावा यासाठी. त्याला मान मिळतो तो खेळाडूमुळे. बर्फावरच्या हॉकीतला दिग्गज वेन ग्रेट्झ्की याचा ९९ एनएचएलने २००० मध्ये सगळ्याच संघांसाठी निवृत्त केला, म्हणजे तो पुन्हा कुणाला द्यायचा नाही. पॅरिस ऑलिंपिकच्या कांस्यपदकानंतर, ऑगस्ट २०२४ मध्ये, हॉकी इंडियाने गोलरक्षक पी. आर. श्रीजेशचा १६ नंबर वरिष्ठ संघातून निवृत्त केला. १६ मोठा झाला तो श्रीजेशने अडवलेल्या चेंडूंमुळे. तरीही आपल्याकडे जर्सीची यादी करताना ‘आठ नको, तो शनीचा’ म्हणणारे पालक भेटतात, आणि जन्मतारखेची बेरीज करून नंबर सांगणारे पैसे घेतात. चौदा वर्षांच्या पोराच्या डोक्यात स्पर्धेआधी ही भीती घालणं चूक आहे. पोराला सराव द्या, नंबर कुठलाही चालेल.

आता मूळ मुद्दा.

खान्देश कापसाचा मुलूख, पण आपल्या खेळाडूंच्या अंगावर मात्र पॉलिएस्टर असतं. त्याला कारण आहे. १०० ग्रॅम कोरडा कापूस हवेतला साधारण आठ ग्रॅम ओलावा धरून ठेवतो, पॉलिएस्टर अर्धा ग्रॅमही धरत नाही. म्हणून पॉलिएस्टरची जर्सी घामाने जड होत नाही आणि लवकर वाळते. पण हाच गुण रंगवताना आडवा येतो. कापसाला रंगवणारे बहुतेक रंग पाण्यात विरघळतात, पाण्याबरोबर तंतूत शिरतात आणि तिथे धरून राहतात. पॉलिएस्टर पाण्यालाच आत घेत नाही, तर पाण्यात विरघळलेल्या रंगाला कुठून घेणार? १९४१ मध्ये इंग्लंडमध्ये व्हिनफिल्ड आणि डिक्सन यांनी हा तंतू शोधला, तेव्हापासूनच हा प्रश्न होता.

उत्तर मिळालं ते डिस्पर्स रंगांत. हे रंग १९२० च्या दशकात अॅसिटेट या दुसऱ्याच तंतूसाठी तयार झाले होते. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाहीत, बारीक भुकटी होऊन तरंगतात. त्यांचे रेणू लहान असतात, त्यांच्यावर विद्युतभार नसतो आणि पाण्यापेक्षा पॉलिएस्टरमध्ये राहणं त्यांना जास्त मानवतं.

पण ते आत शिरतात कसे? मला सगळ्यात आवडणारी जागा हीच.

पॉलिएस्टरचा तंतू म्हणजे लांबच लांब रेणूंच्या साखळ्या. काही ठिकाणी त्या शिस्तीत, खेटून बसलेल्या असतात. तिथे कुणालाच शिरकाव नाही. उरलेल्या ठिकाणी त्यांचा नुसता गुंता असतो. हा गुंता थंड असताना उन्हाळ्यात खाटेवर वाळवलेल्या शेवयांसारखा असतो: आकार ठरलेला, हलवायला जावं तर मोडेल. त्याच शेवया गरम पाण्यात पडल्या की एकमेकींवरून सरकू लागतात. पॉलिएस्टरचा गुंता असा सैल व्हायला लागतो तो साधारण ७० ते ८० अंशांना. या तापमानाला काचसंक्रमण तापमान म्हणतात. पॉलिएस्टर वितळतं ते थेट २५० अंशांच्या पुढे, म्हणजे कापड अजून कापडच असतं. फक्त आतल्या साखळ्यांचे छोटे छोटे भाग वळवळू लागतात. एक भाग बाजूला सरकला की क्षणभर एक पोकळी तयार होते, आणि ती रंगाच्या रेणूएवढी असली तर रेणू तिच्यात सरकतो. मग ती मिटते, दुसरी उघडते, रेणू पुढे जातो. तापमान जितकं जास्त तितक्या पोकळ्या मोठ्या आणि वारंवार. म्हणून कारखान्यात पॉलिएस्टर रंगवताना बंद भांड्यात, दाबाखाली, पाणी १३० अंशांपर्यंत तापवतात. उघड्या भांड्यात पाणी १०० ला उकळून थांबलं असतं आणि गडद रंग चढलाच नसता.

कापड थंड झालं की साखळ्या गोठतात आणि रंग आत कोंडला जातो. त्याचा साखळ्यांशी पक्का रासायनिक बंध झालेला नसतो, बाहेर पडायला वाट नसते म्हणून तो थांबतो. नंतर कितीही साबण लावा, तंतूच्या आत अडकलेला हा रंग सुटत नाही.

आता तेच कापड हीट प्रेसखाली ठेवा. १६० अंश! साखळ्या पुन्हा मोकळ्या झाल्या. रंगाला आत जायला जी वाट मिळाली होती, तीच आता बाहेर यायला मिळाली. काही रेणू पृष्ठभागावर येतात, काही थेट वायुरूप होऊन उडतात, कारण डिस्पर्स रंगांना द्रव न होता वायू होण्याची खोड असते. ही खोड सगळ्यांना सारखी नाही. ‘डिस्पर्स रेड ६०’ या नेहमीच्या लाल रंगाचं रेणुभार ३३१ आहे. असे हलके रंग लवकर उडतात. रेणू मोठा आणि ध्रुवीय गट (एका टोकाला किंचित धन, दुसऱ्याला किंचित ऋण भार असलेले भाग) जास्त असलेले रंग जागचे सहज हलत नाहीत. सहज उडणाऱ्यांपासून घट्ट बसणाऱ्यांपर्यंत या रंगांना रंगारी कमी, मध्यम आणि जास्त ऊर्जेचे रंग म्हणतात. मरून किंवा लाल गडद करायला रंग भरपूर चढवावा लागतो. त्यातला न शिरलेला, वरवर चिकटलेला भाग कॉस्टिक सोडा आणि हायड्रोसल्फाइटने धुऊन काढायचा असतो. ही पायरी घाईत उरकली, तर उडायला तयार असा रंग कापडावर आधीच बसलेला असतो.

आणि वर नेमकं बसलेलं असतं मऊ विनायल. विनायल म्हणजे पीव्हीसी. आपल्या जळगावात शेतीचे पाइप बनतात त्याच जातीचं. निव्वळ पीव्हीसी ८० अंशांच्या आसपासपर्यंत कडकच राहतं, म्हणून पाइप ताठ असतो. जर्सीवर ताठ नंबर कोण घालणार? म्हणून त्यात तेलासारखं मऊकारक मिसळतात. ते साखळ्यांच्या मध्ये घुसून त्यांना इतकं सैल करतं, की काचसंक्रमण तापमान खोलीच्या तापमानाच्याही खाली जातं. म्हणजे पॉलिएस्टरच्या साखळ्या थंड झाल्यावर गोठतात, पण या विनायलच्या साखळ्या जर्सी अंगात असतानाही हलत असतात. त्यात शिरलेला रंगाचा रेणू थांबत नाही, गोंदाकडून वरच्या पांढऱ्या पृष्ठभागाकडे हळूहळू चालत राहतो. स्क्रीन प्रिंटिंगच्या प्लास्टिसॉल शाईतही पीव्हीसी आणि मऊकारकच असतं. पॉलियुरेथेन या दुसऱ्या प्लास्टिकचे नंबरही मऊ असतात आणि त्यांचीही सुटका नाही.

नंबर प्रेसमधून निघताना पांढरा असतो आणि नंतर गुलाबी होतो, ते या सावकाश चालीमुळे. दुकानदाराने फसवलेलं नसतं, त्याच्या समोर तो पांढराच होता. आपल्या मुलखात ही चाल वेगाने होते. एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या घरात असतो आणि पत्र्याच्या शेडमध्ये त्याहून वर. कापडातला रंग एवढ्या तापमानाला बाहेर पडणार नाही, पण प्रेसने एकदा बाहेर काढलेला रंग विनायलमधून मात्र भराभर सरकतो.

गंमत अशी, की ज्या खोडीने नंबर बिघडतो, तिच्यावरच एक सुंदर छपाई उभी आहे: सब्लिमेशन. यात कागदावर डिस्पर्स रंगांनी नंबर, नाव, पट्टे, बोधचिन्ह सगळं उलटं छापतात, तो पांढऱ्या पॉलिएस्टरवर ठेवतात आणि सुमारे २०० अंशांना पाऊण-एक मिनिट दाबतात. रंग वायू होऊन थेट तंतूत शिरतो आणि थंड झाल्यावर तिथेच कोंडला जातो. हात फिरवला तर नंबर लागत नाही, कारण वर काही चिकटवलेलंच नसतं. तो सोलला जात नाही, तडकत नाही. यात पांढरी शाई नसते. मरून जर्सीवरचा पांढरा नंबर म्हणजे मरून रंग न छापलेली जागा, कोरं कापड. म्हणून गडद कापडावर सब्लिमेशन करता येत नाही, पांढऱ्या कापडावर छापून मग जर्सी शिवावी लागते. सुती कापडावरही ते टिकत नाही, दोन धुण्यांत फिकं पडतं. ‘कुठल्याही कापडावर नॅनो सब्लिमेशन’ असं कुणी सांगत असेल, तर सुती कापडाचा तुकडा त्याच्यासमोर दोनदा गरम पाण्यात धुऊन पाहा.

गडद कापडाची तयार जर्सी हातात असेल आणि त्यावर पांढरा नंबर हवाच असेल, तर छापणाऱ्याकडे रंग अडवणारं विनायल मागा. त्याच्या पाठीला करडा किंवा काळा थर असतो. चांगल्या प्रतीत त्यात सक्रिय कोळसा असतो. या कोळशाच्या एका ग्रॅमच्या आत इतकी सूक्ष्म छिद्रं असतात, की त्यांचं क्षेत्रफळ हजार चौरस मीटरच्या आसपास भरतं. वर येणारा रंग त्या भिंतींना चिकटून बसतो. दुसरा उपाय कमी तापमानाच्या गोंदाचा. १३० अंशांना चिकटणारं विनायल मिळतं, आणि १६० पेक्षा १३० ला रंग कितीतरी कमी हलतो. शिवलेल्या नंबराला तर प्रेसची गरजच नसते, म्हणून तो या त्रासातून बराच सुटतो.

कापड विकत घेण्याआधी परीक्षाही करता येते. प्रयोगशाळेत आयएसओ १०५-पी०१ नावाची चाचणी आहे: रंगीत कापड पांढऱ्या कापडात दाबून १५०, १८० किंवा २१० अंशांना ३० सेकंद ठेवायचं आणि पांढऱ्यावर किती डाग पडला ते पाहायचं. संघाच्या व्यवस्थापकाला एवढं नको. दुकानात कापडाच्या चिंधीवर पांढऱ्या पॉलिएस्टरचा तुकडा ठेवून हीट प्रेस १६० ला अर्धा मिनिट दाबायला सांगा. तुकडा स्पष्ट गुलाबी निघाला, तर त्या कापडावर साधं पांढरं विनायल लावू नका. मात्र तुकडा पॉलिएस्टरचाच घ्या, सुती घेतला तर डाग फिका दिसेल आणि खराब कापड पास होईल.

आणि प्रेसमधून निघालेल्या गरम जर्स्या लगेच घडी घालून गठ्ठ्यात बांधू देऊ नका. एकीची उष्णता दुसरीत कोंडते, आणि एकीची मरून पाठ दुसरीच्या पांढऱ्या नंबरावर तासन्‌तास दाबून राहते. पंख्याखाली पसरून पूर्ण निवल्या, की मगच पिशवीत.