'वय झालं' या उत्तराचा इतिहास

आजोबांचं प्रेशर वाढलं: वय झालं. एका बाजूचा हात लुळा पडला: वय झालं. जेवून हात धुतल्यावर 'आज मला कुणी वाढलंच नाही' म्हणत आजी रुसून बसली, तर तेही वयच. फोंडा-डिचोलीकडच्या कुठल्याही वाड्यावर हे ऐकायला मिळतं. मराठीनं तर 'साठी बुद्धी नाठी' म्हणून यमकाची सोयही करून ठेवली आहे. यात अडाणीपणा शोधायला जाऊ नये. ऐंशी-नव्वद वर्षांपूर्वी नामांकित डॉक्टरही हेच सांगत होते. हृदयविकार, पक्षाघात आणि स्मृतिभ्रंश यांचा अभ्यास दवाखान्यातून बाहेर पडून गावागावांत शिरला, तसतसा या उत्तरावरचा विश्वास उडत गेला. सुरुवात अमेरिकेत झाली, पण मधलं एक प्रकरण आपल्या गोव्यातलं आहे.

अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचा रक्तदाब १९४१ साली १८८/१०५ होता. त्यांचे डॉक्टर ॲडमिरल रॉस मॅकिन्टायर मूळचे नाक-कान-घशाचे तज्ज्ञ. या वयाच्या माणसाला एवढा असायचाच, असं त्यांचं म्हणणं. त्यात त्यांचा एकट्याचा दोष नव्हता. वयाबरोबर रक्तवाहिन्या कडक होतात, त्यांतून रक्त ढकलायला जोर वाढवावाच लागतो, तो कमी केला तर उलट नुकसान होईल, असं तेव्हाचं वैद्यकशास्त्र मानत असे. १९४४ साली हॉवर्ड ब्रुएन या तरुण हृदयरोगतज्ज्ञानं अध्यक्षांना तपासलं तेव्हा हृदय थकल्याची लक्षणं उघड दिसत होती. १२ एप्रिल १९४५ रोजी रूझवेल्ट 'डोकं फार दुखतंय' म्हणाले आणि कोसळले. त्या वेळचा रक्तदाब ३००/१९०. मेंदूत रक्तस्राव झाला होता. वय होतं ६३.

पुढचे अध्यक्ष हॅरी ट्रुमन यांनी १६ जून १९४८ रोजी राष्ट्रीय हृदय कायद्यावर सही केली आणि त्याच वर्षी मॅसॅच्युसेट्समधल्या फ्रेमिंगहॅम या लहानशा शहरात तपासण्या सुरू झाल्या. हे शहर निवडण्यामागे एक जुनं कारण होतं: पहिल्या महायुद्धाच्या सुमारास तिथे क्षयरोगावर मोठा सामुदायिक प्रयोग झाला होता, त्यामुळे डॉक्टर दाराशी आले तर लोक बिचकत नसत. ५,२०९ स्त्री-पुरुषांनी नाव नोंदवलं. बहुतेक जण तिशीपासून साठीपर्यंतचे, हिंडते-फिरते. दर दोन वर्षांनी त्यांना बोलवायचं, रक्तदाब, रक्त, ईसीजी, वजन, विडी-सिगारेट सगळं टिपायचं, आणि मग वाट पाहायची.

वाट पाहायची, हीच त्या काळातली नवी गोष्ट होती. तोवरचं ज्ञान दवाखान्यात पोचलेल्या रोग्यांवरून जमलेलं. जो वाटेतच गेला, किंवा ज्याला काही दुखलंच नाही, तो त्या हिशेबात नव्हता. म्हापशाच्या बाजारात पाटीत आलेलं नुस्तं (मासळी) मोजून समुद्रात काय आहे ते कळत नाही, तसंच. मृत्यूच्या दाखल्यांचाही फारसा उपयोग नसतो, कारण शेवटी हृदय प्रत्येकाचंच बंद पडतं. धडधाकट माणसांपासून सुरुवात करून पुढे कोणाला काय होतं हे पाहिलं, तरच आधी काय होतं आणि नंतर काय झालं हा क्रम हाती लागतो.

विल्यम कॅनेल, थॉमस डॉबर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ साली पहिला मोठा निष्कर्ष मांडला: ज्यांचा रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल जास्त, त्यांना पुढे हृदयविकार होण्याचं प्रमाण जास्त. 'रिस्क फॅक्टर', म्हणजे जोखीम घटक, हा शब्द तिथूनच रुळला. आज तो विम्याच्या फॉर्मवरही सापडतो. १९७० साली रक्तदाब आणि पक्षाघात यांचं नातं स्पष्ट झालं. १९७८ साली कळलं की हृदयाचा ताल बिघडून वरचे कप्पे नुसतेच थरथरत राहिले, तर पक्षाघाताचा धोका पाचपट होतो. मेंदूचा घाव मेंदूत दिसला तरी त्याचं मूळ छातीत असू शकतं, हे यातून पक्कं झालं. (मधल्या काळात सरकारनं निधी आटोपता घ्यायचं ठरवलं होतं. डॉबर दारोदार हिंडून देणग्या मागत राहिले. वीस वर्षांत काय कळायचं ते कळलं, असं वरच्यांना वाटत होतं म्हणे.) १९७१ पासून मूळ मंडळींची मुलं आणि २००२ पासून नातवंडं या अभ्यासात आली.

या सगळ्यात आपल्यासाठी एक मोठी खोच होती. फ्रेमिंगहॅमची माणसं जवळपास सगळी गोरी. तिथल्या आकड्यांवरून काढलेलं जोखमीचं गणित पेडण्याच्या बागायतदाराला लावायचं कसं? भारतीय वंशाच्या लोकांचं हृदय लवकर दगा देतं, अशी शंका १९५९ सालीच सिंगापूरमधल्या शवविच्छेदनांच्या अभ्यासातून पुढे आली होती. एकाच बेटावर राहणाऱ्या चिनी लोकांपेक्षा भारतीयांमध्ये हा आजार कितीतरी जास्त आढळला होता. २००४ साली ५२ देशांच्या 'इंटरहार्ट' अभ्यासानं ते मोठ्या प्रमाणावर दाखवलं. पहिल्या हृदयविकाराच्या झटक्याचं सरासरी वय दक्षिण आशियात ५३, बाकी जगात जवळपास ५९. त्रेपन्नाव्या वर्षी 'वय झालं' म्हणायची सोय उरत नाही. त्याच अभ्यासात असंही दिसलं की धूम्रपान, रक्तदाब, मधुमेह, पोटाचा घेर असे नऊ घटक मिळून जगभरच्या झटक्यांपैकी सुमारे नव्वद टक्क्यांचा हिशेब लागतो. घटक सगळीकडे तेच, आपल्याकडे ते लवकर गाठतात एवढंच.

लवकर का गाठतात, याचा एक धागा पुण्यात सापडला. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांत गरोदर बाया आणि त्यांची मुलं यांचा माग ठेवला आहे. इथली बाळं वजनाला हलकी, पण वजनाच्या मानानं अंगात चरबी जास्त. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात याज्ञिकांचा आणि लंडनचे प्राध्यापक जॉन युडकिन यांचा शेजारी-शेजारी उभं राहून काढलेला फोटो छापून आला. उंची-वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. मला वैद्यकातल्या कुठल्याही आलेखापेक्षा हा फोटो जास्त पटतो. 'तो तर काडीसारखा आहे, त्याला कसली शुगर' हे वाक्य तो एका नजरेत मोडून टाकतो.

मेंदूकडे हा प्रवाह उशिरा वळला. मेंदूचं वजन शरीराच्या दोन टक्के, पण हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा सुमारे सातवा हिस्सा आणि प्राणवायूचा पाचवा हिस्सा त्याच्या वाट्याला जातो. रक्तवाहिन्यांचं दुखणं त्याला चुकणार कसं? तरी विसराळूपणा आणि रक्तदाब यांना एका ओळीत बसवायला दशकं लागली, कारण त्यासाठी माणसाचं चाळिशी-पन्नाशीतलं प्रेशर आणि पंचाहत्तरीतली स्मरणशक्ती दोन्ही हवीत. होनोलुलूमध्ये १९६५ पासून जपानी वंशाच्या ८,००६ पुरुषांचा हृदयासाठी अभ्यास चालू होता. १९९५ साली त्यांच्यात दिसलं की मध्यमवयात रक्तदाब चढा असलेल्यांची बुद्धी म्हातारपणी जास्त मंदावली होती. मोठा झटका यायला लागत नाही. बारीक वाहिन्या तुंबून मेंदूत लहान-लहान घाव होत राहतात आणि घरच्यांना वाटतं, आजोबा जरा हट्टी झालेत.

'वय झालं' याला सर्वात जोराचा धक्का २०१६ साली पुन्हा फ्रेमिंगहॅमनंच दिला. साधारण तीस वर्षांच्या नोंदी पाहता, त्याच वयाच्या माणसांत नव्यानं स्मृतिभ्रंश होण्याचं प्रमाण दर दशकाला सुमारे वीस टक्क्यांनी घटत गेलं होतं. माणसं तेवढीच म्हातारी, रोग कमी. घट दिसली ती फक्त हायस्कूल पुरं केलेल्यांत. ते वाक्य वाचून मी थोडा वेळ थांबलो होतो.

आता गोवा. १९९८ साली कोचीत भरलेल्या अल्झायमर परिषदेतून १०/६६ नावाचा संशोधकांचा गट उभा राहिला. नावातच तक्रार आहे: स्मृतिभ्रंशाचे ६६ टक्के रोगी विकसनशील देशांत, आणि संशोधन त्यांच्यावर दहा टक्क्यांहूनही कमी. लंडनचे मार्टिन प्रिन्स त्याचे सूत्रधार. १९९६ साली गोव्यात स्थापन झालेल्या 'संगाथ' संस्थेचे डॉ. विक्रम पटेल आणि प्रिन्स यांनी २००१ साली गोव्यातल्या म्हातारपणावर एक अभ्यास छापला. त्यात सर्वेक्षणाचे आकडे नव्हते, लोकांशी झालेल्या गप्पा होत्या. स्मृतिभ्रंशाची लक्षणं असलेल्या माणसाचं वर्णन ऐकवायचं आणि विचारायचं, याला काय झालंय?

उत्तर ओळखीचंच आलं. हा आजार नव्हे, म्हातारपण. आणि कारण विचारलं तर मुलांनी दुर्लक्ष केलं, माया केली नाही, हाल केले म्हणून. म्हणजे आजीच्या मेंदूतल्या बिघाडाचा दोष सुनेच्या माथी मारून शेजारी मोकळे. सांभाळ करण्यामागे पुष्कळदा घर-भाटाच्या (जमिनीच्या) वाटणीची अपेक्षा असते, हेही त्या अभ्यासानं लपवलं नाही. एकत्र कुटुंबाचे गोडवे गाणाऱ्या आपल्या लेखनात हे सहसा येत नाही.

पण माझ्या मते त्यातला सर्वात मोलाचा तपशील वेगळाच. आरोग्य केंद्रांतले डॉक्टर म्हणाले, असे रुग्ण आमच्याकडे क्वचितच येतात. घरोघरी फिरणाऱ्या आरोग्यसेविका म्हणाल्या, अशी माणसं आम्हाला नेहमी भेटतात. गाव एकच, म्हातारी एकच. एक जण खुर्चीत बसून वाट पाहत होता आणि दुसरी उंबरा ओलांडून आत जात होती.

मोजायचं कसं हा आणखी वेगळा पेच. पाश्चात्त्य चाचण्यांत तारीख विचारतात, शंभरातून सात-सात वजा करायला सांगतात, आकृती काढायला लावतात. माझ्या आजीला पाटी-पेन्सिलीचा स्पर्श झालेला नव्हता. इंग्रजी तारखेवर ती गप्प बसली असती, पण आज कोणती तिथी आणि मागच्या पाडपाला किती नारळ उतरले हे तिला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता यायचं. वयाचंही तेच: 'पाखल्यांच्या (पोर्तुगीजांच्या) राज्यात माझं लग्न झालं', 'मुक्तीच्या वर्षी थोरला रांगत होता'. १०/६६ गटानं म्हणून शाळेची पायरी न चढलेल्यांवरही चालतील अशा चाचण्या बनवल्या. त्यात घरच्या माणसाचं म्हणणंही जमेस धरलं जातं.

पुढे बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाचे (गोमेकॉ) डॉ. अमित डायस आणि सहकाऱ्यांनी ८१ कुटुंबांवर एक चाचणी केली. तज्ज्ञ नसलेल्या, पण स्थानिक भाषा बोलणाऱ्या सल्लागारांना थोडं प्रशिक्षण देऊन घरी पाठवायचं. त्यांनी आजार समजावायचा, त्रासाच्या वागण्याला कसं तोंड द्यायचं ते सांगायचं. २००८ साली निकाल आला: सांभाळणाऱ्यांचं मानसिक स्वास्थ्य सुधारलं, रुग्णाच्या वागण्यापायी होणारा मनस्ताप कमी झाला. १८४२ साली साथीच्या रोगांच्या काळात सुरू झालेल्या वैद्यकीय शाळेची ही वारस संस्था. प्लेग-देवीपासून इथवरचं अंतर मोठं आहे. हल्ली तालुक्याच्या इस्पितळातला ईसीजी गोमेकॉतले तज्ज्ञ लगेच पाहतात आणि गुठळी विरघळवणारं इंजेक्शन तिथल्या तिथे देतात, बांबोळीला पोचेपर्यंत थांबावं लागत नाही. त्यानं जीव वाचतात. फक्त ते छातीत दुखल्यावर येणाऱ्यांसाठी आहे.

न येणाऱ्यांचा आकडा २०२३ च्या जूनमध्ये छापून आला. आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी सर्वेक्षणात ३१ राज्यं-केंद्रशासित प्रदेशांतल्या १,१३,०४३ प्रौढांची तपासणी झाली होती. मधुमेहाचं प्रमाण देशात ११.४ टक्के, उत्तर प्रदेशात ४.८, आणि सर्वात जास्त गोव्यात: २६.४ टक्के. चारांत एक. वर्तमानपत्रांतून लगेच पाव, फेणी आणि काजूबियांवर खापर फुटलं, पण हे सर्वेक्षण म्हणजे एका दिवसाचा फोटो आहे, फ्रेमिंगहॅमसारखी वर्षानुवर्षं चालणारी रोजनिशी नव्हे. त्यातून किती हे कळतं, कशानं हे नाही. शिवाय गोवा शहरी आहे, २०११ च्या जनगणनेनुसार ६२ टक्के, आणि इथे म्हाताऱ्या माणसांचा वाटाही देशाच्या सरासरीपेक्षा जास्त. तेव्हा गंमत अशी की दोन राज्यांची तुलना करताना मात्र 'वय झालं' हे खरंच हिशेबात धरावं लागतं. तरी उत्तर प्रदेशाच्या पाचपटीहून जास्त फरक निव्वळ पांढऱ्या केसांवर घालता येईल, असं मला वाटत नाही.

'लॅन्सेट'च्या तज्ज्ञगटानं २०२४ साली स्मृतिभ्रंशाचे बदलता येण्याजोगे चौदा घटक मांडले. ते सगळे नाहीसे करता आले तर जवळपास ४५ टक्के रुग्ण टळतील किंवा लांबणीवर पडतील, असा त्यांचा अंदाज. मधुमेह त्यात आहे, रक्तदाब आहे, कमी शिक्षण आहे, कमी ऐकू येणंही आहे. यातले बरेचसे घटक काम करतात ते मध्यमवयात. इंडियाबनं मोजलेली माणसं वीस वर्षांपासून पुढची होती. त्यांतला आज पंचेचाळिशीत असलेला मधुमेही २०४० च्या आसपास साठी गाठेल.