पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट

पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट, बोलण्यात ‘पीसीसी’, म्हणजे अर्जदाराविरुद्ध प्रतिकूल पोलीस नोंद नसल्याचा दाखला. परदेशी कायम वास्तव्य, नोकरी किंवा दीर्घ मुदतीच्या व्हिसासाठी तो लागतो. पर्यटन व्हिसासाठी दिला जात नाही. भारतीय पासपोर्टधारकाला तो पासपोर्ट कार्यालय देते. जिल्हा पोलिसांचे ‘चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र’ वेगळे. ते इथल्या नोकरीला चालते, इमिग्रेशनच्या फाइलला सहसा नाही. पहिली खेप फुकट जाते ती बहुधा इथेच.

अर्ज पासपोर्ट सेवेच्या संकेतस्थळावर भरून ५०० रुपये शुल्कासह भेटीची वेळ घ्यायची. २८ सप्टेंबर २०२२ पासून पोस्टातल्या पासपोर्ट सेवा केंद्रांतही ही सोय आहे. सोबत मूळ पासपोर्ट, त्याच्या पहिल्या दोन व शेवटच्या दोन पानांच्या स्वसाक्षांकित प्रती आणि सध्याच्या पत्त्याचा पुरावा न्यावा.

फाइल अडते ती गुन्ह्यापायी क्वचित; पत्त्यापायी नेहमी. चाकरमान्याचा पासपोर्ट डोंबिवलीच्या पत्त्यावर आणि माणूस गणपतीला राजापुरात. त्याच आठवड्यात पत्त्याच्या पडताळणीला पोलीस शिपाई दारात येतो, कुलूप बघतो आणि ‘अर्जदार पत्त्यावर आढळला नाही’ असा शेरा मारून जातो. म्हणून सध्या खरोखर राहतो तोच पत्ता द्यावा आणि पडताळणी होईपर्यंत घर सोडू नये. गावचा पत्ता देताना वाडीचे नाव आधारवर आहे तसेच लिहावे. एका गावात एकाच आडनावाची वीस घरे असली, तर वाडीशिवाय घर सापडत नाही.

आखातात राहून आलेल्यांना तिथलाही दाखला लागतो. कॅनडा वयाच्या १८ वर्षांनंतरचा, गेल्या १० वर्षांत सलग ६ महिने किंवा अधिक राहिलेला प्रत्येक देश धरतो. ऑस्ट्रेलिया १६ वर्षांनंतरचे एकूण १२ महिने मोजते. क्रम महत्त्वाचा. सोडून आलेल्या देशाचा दाखला शेवटच्या वास्तव्यानंतरचा असला की कॅनडाला पुरतो; सध्याच्या देशाचा मात्र अर्जाच्या तारखेपूर्वी ६ महिन्यांच्या आतला हवा. म्हणून कुवेत-दुबईचे काम आधी उरकावे, भारतीय पीसीसी शेवटी काढावे. उलट केल्यास तिकडची वाट बघण्यात इकडची मुदत संपते.

लग्नात आडनावाबरोबर पाळण्यातले नावही बदलण्याची चाल अजून आहे. कुवेतमध्ये माहेरच्या नावाने नोकरी केलेल्या बाईने अर्जातल्या ‘इतर नावे’ या रकान्यात जुने नाव पूर्ण लिहावे आणि विवाह नोंदणीचा दाखला जोडावा. नाहीतर दोन दाखले दोन बायकांचे ठरतात.

अमेरिकेत राहिलेल्यांना एफबीआयचा, म्हणजे तिथल्या केंद्रीय तपास संस्थेचा, दाखला लागतो, त्यासाठी एफडी-२५८ या ठशांच्या कार्डावर दहाही बोटांचे ठसे द्यावे लागतात. काजू सोलणाऱ्या हातांची कातडी टरफलाच्या तेलाने भाजून गुळगुळीत झालेली असते, जांभा दगड काढणाऱ्यांच्या रेषा झिजलेल्या असतात. अशांचे ठसे पुसट आल्याने कार्ड परत येऊ शकते. काही दिवस काम थांबवून हात मऊ होऊ द्यावेत आणि एकाऐवजी दोन-तीन कार्डे भरून पाठवावीत.