स्टिअरिंग फिरवलं की पुढून ‘टंग’ का वाजतं?

पाऊस उघडला की बेळगावहून जांबोटी-चोर्ला घाटातून गोव्याला जाणाऱ्या स्पोर्ट्स कार परत दिसायला लागतात. अशा गाडीचं स्टिअरिंग फिरवताना पुढून टंग वाजलं की कोणीतरी म्हणतंच, एक्सल गेला. अहो पण पोर्शे केमनसारख्या गाडीत इंजिनची ताकद मागच्या चाकांना जाते, पुढे चाकाला ताकद देणारा ड्राइव्ह एक्सल नाहीच की, वाजणार कुठनं?

बऱ्याचदा दोषी असतं स्ट्रटच्या, म्हणजे पुढच्या चाकावर बॉडी पेलणाऱ्या खांबाच्या, डोक्यावरचं बेअरिंग. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकन इंजिनिअरची ही रचना 1950 च्या फोर्ड कॉन्सलमध्ये आली आणि आजही चालतेय. शॉक अॅब्सॉर्बर आणि स्प्रिंग एकाच खांबात, आणि चाक वळलं की अख्खा खांब वळतो. बॉडी काही वळत नाही, म्हणून मध्ये बेअरिंग. त्यात लाल चिखलाचं पाणी शिरून ते जाम झालं की स्प्रिंगचं खालचं टोक चाकाबरोबर फिरतं, वरचं तिथंच चिकटून, आणि वरून 300 किलोच्या आसपास भार. पीळ वाढत जातो. स्थितिक घर्षण गतिक घर्षणापेक्षा जास्त असतं हे शाळेत शिकलोय, तर पीळ त्या मर्यादेबाहेर गेला की टोक सुटतं, सुटल्यावर अडवणारं घर्षण एकदम कमी, म्हणून ते हळू न सरकता झटक्यात उडतं, बॉडीला हादरा देतं, पीळ उतरतो, परत चिकटतं. करकरणारं जुनं दारही असंच बोलतं. आणि यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे स्प्रिंग दाबली की तिची तार पिळली जाते, आणि स्प्रिंग पिळली की तार वाकते!

तपासायचं असं, गाडी सपाट जागी लावून हँडब्रेक ओढायचा, इंजिन चालू ठेवून एकानं स्टिअरिंग हळूहळू फिरवायचं, दुसऱ्यानं स्प्रिंगला बाहेरून बोटं टेकवायची, वेटोळ्यांच्या मध्ये अजिबात घालायची नाहीत. स्प्रिंगनं उडी मारली आणि त्याच क्षणी आवाज आला तर बेअरिंगच. नाही मारली तर लोअर आर्मचा, म्हणजे चाकाला बॉडीशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याचा, बॉल जॉइंट आणि रबरी बुश बघा. खड्ड्यातच जास्त वाजत असेल तर लिंक रॉड, म्हणजे अँटी-रोल बारला जोडणारी छोटी दांडी.

बंपरला लिंबू-मिरची बांधून घर्षण कमी होत नाही. बुशवर ऑइल मारणारेही आहेत, त्यानं आवाज दोन दिवस दबतो आणि रबर फुगून खराब होतं.

बेअरिंग दोन्ही बाजूंचं बदला, खांब वर बॉडीला जिथे बसतो त्या माउंटचं रबर फाटलं असेल तर तेही. पण दाबलेली स्प्रिंग सुटली तर हात जाईल, स्प्रिंग दाबून धरणारा कंप्रेसर नीट लावल्याशिवाय खांबाचा वरचा नट कोणालाही खोलू देऊ नका, आणि काम झालं की व्हील अलाइनमेंट करूनच गाडी घाटात काढा.