प्लास्टिकचा पाया म्हणजे कच्ची खुर्ची? नाई भाऊ

“ऑफिस खुर्चीचा पाया लोखंडीच घ्या, प्लास्टिकचा मोडते” हे आमच्या वऱ्हाडात ग्रामपंचायतीपासून सेतू केंद्रापर्यंत सगळेच सांगतात, पण राजेहो, अंगणात उन्हानं पांढरी पडून तडकते ती साधी प्लास्टिक खुर्ची अन् हा पाच बोटांचा काळा पाया, दोन्हीचा माल येगळा. चांगला पाया नायलॉनचा असते, त्यात बरेचदा ३० टक्क्यांच्या आसपास काचेचे तंतू. उलटा करून पाहा, खाली आडव्याउभ्या फासळ्या दिसतील, अर्धी ताकद तिथंच. अमेरिकेतल्या फर्निचर बनवणाऱ्यांच्या संघटनेच्या, म्हणजे बिफ्माच्या टेस्टमध्ये पाया धातूचा असो का प्लास्टिकचा, ११०० किलोच्या वर दाबतात, आपलं वजन किती, सरपंच धरून? वरून हा पाया गंजतबी नाई. हां, बिना काचेचा स्वस्त माल मोडतेच, तसा पातळ पत्र्याचा लोखंडी पायाबी वेल्डिंगपाशी सुटतेच की.